घरचा संगणक (लेखांक १७) : लाईट येते आणि तो उठतो

मे महिन्यात शहाद्याहून एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. "भाऊ, आमचा कॉम्प्युटर रात्री आपोआप चालू होतो. आठवड्यात तीनदा झालं." मागून आजींचा आवाज ऐकू येत होता, "रातले कोन चालू करस त्याले, इचार ना!" अंधाऱ्या बैठकीत एकदम घरघर सुरू व्हावी, भिंतीवर निळा उजेड पडावा आणि समोर माणूस नसावा, म्हटल्यावर आजी घाबरल्या यात नवल नाही. शेजारच्या मुलाने "हॅक झालाय" असं सांगून त्यात भर घातली होती.

गुरुजी रात्री मशीन शट डाउन करत नाहीत, हायबरनेट करतात. त्याला कारण आहे. आपल्या जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांत संगणक आला तो कागदपत्रांच्या वाटेने. टेंभली हे याच शहादा तालुक्यातलं गाव. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी तिथे दिला गेला. पुढच्या वर्षांत शिष्यवृत्ती, दाखले, सातबारा असं एकेक करून सगळंच पडद्यावर आलं. गुरुजी गल्लीतल्या मुलांना अर्ज तयार करून देतात. वर्डमध्ये एकाचा अर्ज अर्धा झालेला असतो, दुसऱ्याचे स्कॅन केलेले दाखले उघडे असतात, एक्सेलमध्ये यादी असते, आणि कुणाचा तरी उत्पन्नाचा दाखला उद्या यायचा असतो. एवढा मांडलेला पसारा रोज रात्री आवरून सकाळी पुन्हा मांडायचा, हे सत्तरीच्या माणसाला जड जातं.

मग स्लीप का नको? स्लीपमध्ये उघडी कामं रॅममध्ये राहतात, आणि रॅम विजेवर जगते. रात्री लाईट गेली की पसारा गेला. हायबरनेटमध्ये मात्र रॅममधलं सगळं हार्डडिस्कवर एका फाइलमध्ये उतरवलं जातं आणि मग मशीन बंद होतं. ही फाइल सी ड्राइव्हवर लपलेली असते, नाव 'हायबरफिल'. सकाळी बटण दाबलं की फाइल परत रॅममध्ये भरली जाते आणि काम काल जिथे सोडलं होतं तिथेच उघडतं. दरम्यान दोन तास लाईट गेली काय आणि दोन दिवस गेली काय, फरक पडत नाही. वळवाच्या वाऱ्यात तारा हेलकावतात त्या दिवसांत मी सगळ्यांना हायबरनेटच वापरायला सांगतो, आणि गुरुजींनाही मीच सांगितलं होतं. म्हणून हा फोन मला लागला.

हायबरनेशनला मराठीत शीतनिद्रा म्हणतात आणि पुस्तकांत हटकून अस्वलाचं उदाहरण येतं. आपल्या सातपुड्यातलं अस्वल काही शीतनिद्रा घेत नाही, ते हिवाळाभर फिरतं. आपल्याला बेडूक जवळचा. उन्हाळाभर तो जमिनीत गाडून घेतो आणि पाऊस पडला की वर येतो. आत तो निपचित असला तरी बाहेरची एक खूण ओळखण्याइतका जिवंत असतो. संगणकाचंही तसंच आहे. प्रश्न एवढाच की त्याचा पाऊस कोणता?

हे कळायला कॅबिनेटच्या आत एकदा डोकवावं. मशीन बंद, पडदा काळा, तरी मदरबोर्डवर एक बारीक दिवा पुष्कळदा जळताना दिसतो. मागे नेटची वायर लावतो तिथलाही दिवा कधीकधी लुकलुकत असतो. जुन्या काळच्या मशीनचं पुढचं बटण हे खरंच विजेचं बटण होतं, दाबलं की प्रवाह तुटायचा. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स ही रचना आणली तेव्हापासून ते बटण प्रवाह तोडत नाही, मदरबोर्डला नुसती सूचना देतं. भिंतीचं बटण चालू असेपर्यंत पॉवर सप्लायच्या जांभळ्या वायरमधून पाच व्होल्ट मदरबोर्डला मिळतच राहतात. या पाच व्होल्टवर काही पहारेकरी रात्रभर जागे असतात. पुढचं बटण कुणी दाबतंय का हे एक बघतो. दुसरा आतल्या घड्याळाच्या गजराकडे लक्ष ठेवतो. तिसरा नेटच्या वायरवर आणि चौथा, सेटिंग तसं असेल तर, की-बोर्ड आणि माउसवर. यांतल्या कुणीही हाक मारली की मशीन उठतं.

म्हणजे प्रश्न व्हायरसचा नव्हता, कुणी हाक मारली हा होता. आणि ते मशीनलाच विचारता येतं. कमांड प्रॉम्प्टवर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडावं आणि इंग्रजी अक्षरांत पॉवरसीएफजी टाइप करावं. 'पॉवर'चं स्पेलिंग, लगेच सी, एफ, जी, मग एक मोकळी जागा, तिरकी रेघ आणि जोडून 'लास्टवेक'. शेवटचं कुणी उठवलं ते समोर येतं. 'लास्टवेक'च्या जागी 'वेकटायमर्स' लिहिलं तर पुढचा गजर कुणी लावून ठेवलाय ते कळतं. आणि 'डिव्हाइसक्वेरी', मग जागा, मग 'वेक', खालची आडवी रेघ, 'आर्म्ड' असं लिहिलं तर मशीनला उठवायची परवानगी कुणाकुणाला आहे त्याची यादी मिळते.

याहून सविस्तर नोंद इव्हेंट व्ह्यूअरमध्ये असते. 'विंडोज लॉग्ज'मधलं 'सिस्टम' उघडायचं आणि 'पॉवर-ट्रबलशूटर' नावाच्या, क्रमांक १ असलेल्या नोंदी शोधायच्या. झोपला कधी, उठला कधी, उठवलं कुणी, या तिन्ही गोष्टी तिथे असतात. गुरुजींनी फोनवर मला एक नोंद वाचून दाखवली आणि म्हणाले, "भाऊ, हे तर चुकीचं आहे. उठला रात्री सव्वादोनला. इथे लिहिलंय २०:४४. पावणेनऊला तर मी स्वतः त्याच्यावर काम करत होतो." वेळेच्या शेवटी झेड हे अक्षर आहे का, विचारलं. होतं. तो झेड म्हणजे ही जागतिक प्रमाणवेळ आहे, आपली नव्हे. तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. २०:४४ मध्ये साडेपाच तास मिळवले की रात्रीचे २:१४ होतात. गुरुजींनी वहीत बेरीज केली आणि त्यांचा सूर बदलला. मशीन खोटं बोलत नाही हे एकदा पटलं की निम्मी भीती जाते.

त्या नोंदीत उठवणारा 'टायमर' निघाला. विंडोजची स्वतःची देखभाल रात्री दोनच्या सुमाराला ठरलेली असते आणि अपडेटलाही रात्रच सोयीची वाटते. पण गुरुजींकडचा गजर एका बाहेरून घातलेल्या प्रोग्रामने लावलेला होता. टास्क शेड्युलरमध्ये त्या कामाच्या 'कंडिशन्स' उघडल्या तर 'वेक द कॉम्प्युटर टू रन धिस टास्क' या ओळीसमोर टिकमार्क होती. ती काढली. वर कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, 'स्लीप' या मथळ्याखालच्या 'अलाउ वेक टायमर्स'ला 'डिसेबल' केलं. हे दुसरं केलं की एकेक गजर शोधत बसावं लागत नाही. देखभाल दिवसा मशीन चालू असताना होते, काही अडत नाही.

चौथ्या दिवशी पुन्हा फोन. "भाऊ, परत उठला. तीन वाजून एकवीस मिनिटं." या वेळी नोंदीत उठवणाऱ्याच्या नावापुढे 'अननोन' होतं, आणि 'लास्टवेक' विचारलं तर इतिहासाचा आकडा शून्य. मी शहाद्याला गेलो.

इथून पुढचं आजींनी सोडवलं. मी पडद्यात डोकं घालून बसलो होतो. आजी दारात उभ्या राहून अहिराणीत सांगत होत्या की त्या मशीनच्या आवाजाने जाग्या होतच नाहीत, आधीच जाग्या असतात. कशाने? उकाड्याने. पंखा थांबतो, अंगाला घाम फुटतो, जाग येते. मग पंखा फिरायला लागतो, स्वयंपाकघरात फ्रिजचा स्टॅबिलायझर टक् करतो आणि पाठोपाठ बैठकीत हा उजेड. चारही वेळा असंच? पहिल्या तीन वेळचं आठवत नाही, पण काल रात्री नक्की असंच. मी गुरुजींना विचारलं, रात्री भिंतीचं बटण बंद करून पाहिलंत का कधी? म्हणाले, "एकदा केलं होतं. पण सकाळी ते बटण टाकल्याबरोबर, कॅबिनेटला हात न लावता, हा चालू. म्हणून सोडून दिलं." हा प्रश्न मी पहिल्याच फोनवर विचारायला हवा होता. तेव्हाच उलगडा झाला असता.

कारण सरळ होतं. लाईट गेल्यावर पाच व्होल्टचे पहारेकरीही झोपतात. लाईट परत आली की मदरबोर्डला ठरवावं लागतं, आता काय करायचं? बायोसमध्ये त्यासाठी एक सेटिंग असतं. कुठे त्याला 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' म्हणतात, कुठे 'एसी बॅक', कुठे 'आफ्टर पॉवर लॉस'. पर्याय बहुधा तीन : बंदच राहा, चालू हो, किंवा वीज जाण्याआधी जसा होतास तसा हो. गुरुजींचं मशीन आधी एका कार्यालयात वापरलेलं, मुलाने ते जुनं विकत घेतलेलं. जिथे लाईट आल्याबरोबर मशीन कामाला लागावं अशी गरज असते तिथे मुद्दाम 'चालू हो' ठेवतात, आणि ते तसंच राहून गेलं होतं. लाईट आली की मदरबोर्ड चालू व्हायचा. विंडोजला डिस्कवर हायबरनेटची फाइल दिसायची आणि आज्ञाधारकपणे ती सगळा पसारा पुन्हा मांडून बसायची. उठवणारा 'अननोन' का, तेही यातच आलं. चार पहारेकऱ्यांपैकी कुणीच हाक मारली नव्हती. मशीनच्या दृष्टीने कुणीतरी नेहमीसारखंच चालू केलं होतं.

मला ही गोष्ट इतकी महत्त्वाची वाटते कारण आपण हायबरनेट वापरतो ते लाईट जाते म्हणून, आणि आपल्याकडे तो उठतो तो लाईट येते म्हणून. मोठ्या शहरासाठी लिहिलेल्या सल्ल्यांत हे कारण तळाला असतं, कधी नसतंच. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या भागातून असा फोन आला तर मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो : त्याआधी पंखा थांबला होता का?

उपाय पाच मिनिटांचा. मशीन चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहायचं, बायोस उघडतं. पॉवर मॅनेजमेंट, एपीएम किंवा चिपसेट अशा नावाच्या पानावर ते सेटिंग सापडतं. 'पॉवर ऑफ' निवडायचं आणि बहुधा एफ१० ने जतन करून बाहेर यायचं. जुन्या मशीनवर मात्र आधी मदरबोर्डवरचा रुपयाएवढा गोल सेल बदलावा, सीआर२०३२ नावाचा, तीन व्होल्टचा. तो संपलेला असेल तर लाईट गेल्यावर बायोस आपली सेटिंग विसरतं आणि केलेली मेहनत वाया जाते. मशीनमधली तारीख अधूनमधून भलतीच दिसत असेल तर सेल संपला असं समजावं. गुरुजींचाही संपत आला होता, बदलला.

त्याच भागात 'ईआरपी' नावाचं आणखी एक सेटिंग सापडेल. युरोपीय संघाने बंद उपकरणांनी किती वीज खावी याला मर्यादा घातली, २०१० पासून एक वॉट आणि २०१३ पासून अर्धा. त्यातून हे आलं. ते चालू केलं की बहुतेक पहारेकऱ्यांची वीज तुटते. मग मशीन पुढच्या बटणाशिवाय सहसा उठत नाही. घरच्या वापराला मला हे आवडतं. की-बोर्डवरून मशीन चालू करायची किंवा बंद मशीनच्या यूएसबीवर मोबाइल चार्ज करायची सवय असेल तर मात्र चुकल्यासारखं वाटेल.

बाकीची कारणं कमी भेटतात. नेटचं कार्ड उठवत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये जाऊन परवानगीच काढून घ्यावी. ती सोय कार्यालयांसाठी आहे. दुसऱ्या मशीनवरून १०२ बाइटचा एक ठरावीक निरोप येतो, त्याला मॅजिक पॅकेट म्हणतात. घरी त्याचं काम नाही. माउस किंवा की-बोर्डचं नाव आलं तर तीच परवानगी तिथूनही काढता येते.

नोंदीत 'पॉवर बटण' असं आलं तर मात्र सेटिंगच्या मागे लागू नका, कॅबिनेट बघा. नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्यांजवळच्या एका घरात असंच झालं होतं. हंगामात लाल मिरची उन्हात पसरलेली, वाऱ्याबरोबर तिची बारीक पूड घरात येणारी. कॅबिनेटचं पुढचं झाकण काढलं तर बटणाच्या खाचेत तांबूस धुळीचा घट्ट थर बसला होता आणि दाबलेलं बटण पूर्ण वर येत नव्हतं. आम्ही तिघं बराच वेळ नुसते शिंकत होतो. कोरड्या ब्रशने खाच साफ केली, तेवढ्यावर काम झालं.

आणखी एक. तुम्ही निजलेले असताना मशीन उठलं आणि पासवर्ड न मागता उघडलं, तर कुणाचे दाखले, कुणाचं बँकेचं पान, सगळं उघड्यावर राहतं. 'साइन-इन ऑप्शन्स'मध्ये जाऊन झोपेतून उठल्यावर पासवर्ड मागायला लावा. रात्रभर चालू राहिल्याने ऐंशी वॉटचं मशीन सहा तासांत जेमतेम अर्धं युनिट खाईल, पण दुसऱ्याच्या पोराची कागदपत्रं आपल्या भरवशावर ठेवलेली असतात.

शहाद्याहून निघण्यापूर्वी आम्ही संध्याकाळीच परीक्षा घेतली. गुरुजींनी एक अर्ज अर्धा लिहून हायबरनेट केलं. मी मीटरजवळचा मेन स्विच खाली ओढला. पंखा हळूहळू थांबला, दहापर्यंत मोजलं आणि स्विच वर केला. ट्यूब लुकलुकली, पंखा फिरला. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात स्टॅबिलायझर टक् झाला. आजी पडद्याकडे बघत उभ्या होत्या. मिनिट गेलं, दोन गेली, पडदा काळाच. "आते झोपना," म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. गुरुजींनी बटण दाबलं तेव्हा अर्ज त्याच अर्ध्या ओळीवर उघडला.

(पुढच्या आठवड्यात : यूपीएसची बॅटरी संपल्याचं आधी कसं ओळखावं)