रुमालाखालचा भाव

मुलांनो, वही विकत घेतलीत की तिच्या मागच्या पानावर किंमत छापलेली असते. बिस्किटाच्या पुड्यावर असते, साबणाच्या वडीवर असते. पण बैलाच्या पाठीवर किंमत छापलेली कधी कुणी पाहिली आहे का? नाही ना! मग बैलाचा भाव ठरवतं कोण? आणि ठरवतात तरी कसा?

हे बघायचं तर भल्या पहाटे उठून गुरांच्या बाजारात जायला हवं. आपल्या महाराष्ट्रात असे आठवडी बाजार ठिकठिकाणी भरतात. सोलापूर जिल्ह्यात सांगोल्याला रविवारी, जुन्नर तालुक्यात बेल्ह्याला सोमवारी, चाकणला शनिवारी. उजाडायच्या आतच टेम्पो येऊन लागतात, दावणी भरतात, गाई-म्हशी हंबरतात. एकीकडे चहाच्या भट्ट्या पेटलेल्या, दुसरीकडे कासरे, वेसणी, गोंडे आणि घुंगरांची दुकानं मांडलेली. आणि सगळीकडे धूळच धूळ!

आधी तोंड उघडा!

गिऱ्हाईक पहिल्यांदा काय करतं, ठाऊक आहे? बैलाचं तोंड उघडून दात बघतं. बैलाकडे जन्माचा दाखला नसतो. त्याचं वय दातांवरून कळतं.

एक गंमत सांगतो. गाय-बैलांना वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात! खालच्या जबड्यात पुढे आठ असतात. तुमच्यासारखेच त्यांचेही दुधाचे दात पडतात आणि जोडीजोडीनं नवे येतात. दुधाचेच दात असलेला खोंड म्हणजे ‘आदत’. साधारण दोन-अडीच वर्षांचा झाला की पहिली जोडी येते, तो ‘दुसा’. तिसऱ्या वर्षानंतर दुसरी जोडी, तो ‘चौसा’. मग ‘सहादाती’ आणि पाचाव्या वर्षाच्या आसपास आठही दात आले की तो ‘जुळला’. जुळलेला बैल म्हणजे भर जवानीतला, कामाला पक्का.

मग गिऱ्हाईक बैलाला चालवून बघतं. लंगडतो का? मारका आहे का? औताला बसकण मारतो का? मग जात. सांगली-सोलापूरकडचा चपळ, लांब शिंगांचा खिल्लार. नाशिकच्या डोंगरपट्ट्यातला डांगी. त्याची कातडी तेलकट असते म्हणून धो धो पावसातही तो काम करतो. लातूरकडचा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा देवणी, नांदेडकडचा लाल कंधारी, वर्ध्याकडचा गवळाऊ. आणि दोन बैल उंचीला, रंगाला, चालीला जुळले, तर त्या जोडीला दोन सुट्या बैलांपेक्षा जास्त भाव मिळतो बरं का! गणिताच्या तासाला एक अधिक एक दोनच होतात, पण बैलबाजारात ते अडीचही होतात.

बोटांची भाषा

बैल पसंत पडला की खरी मजा सुरू होते. दलाल पुढे येतो. खांद्यावरचा रुमाल काढतो आणि गिऱ्हाइकाच्या हातावर टाकतो. रुमालाखाली दोघांचे हात एकमेकांत. तोंडानं अवाक्षर नाही. फक्त चेहरे हलतात. एक मान हलवतो, दुसरा हसतो.

रुमालाखाली काय चाललेलं असतं? बोटांनी बोलणं! एक बोट धरलं की एक, दोन बोटं धरली की दोन, अख्खा पंजा धरला की पाच. एक म्हणजे एक हजार की दहा हजार, हे समोरचा बैल बघून दोघांनाही कळतं. हाताच्या बोटांनी बोलण्याला मराठीत एक सुंदर शब्द आहे, करपल्लवी. नंतर दलाल विकणाऱ्याकडे जातो आणि त्याच्याही हातावर रुमाल टाकतो. असं दोन-चार वेळा इकडून तिकडे झालं की सौदा ‘तुटतो’. तुटतो म्हणजे मोडत नाही हं, ठरतो! मग इसार दिला जातो आणि बैलाच्या पाठीवर गुलाल पडतो.

पण हे असं चोरून कशाला? दलालांना विचारलं तर ते म्हणतात, “चारचौघांत कमी भाव मागितला तर मालकाचा अपमान होतो. शिवाय गरजेपोटी जनावर विकायला आणलेल्याची अडचण गावाला कळत नाही.” त्यात थोडं तथ्य आहेच. पण रुमालाखाली दुसरंही काही झाकलं जातं. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मोत्या आणि हरण्या

१९७२ सालची गोष्ट. महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला होता. मी दहा वर्षांचा होतो. आमचं गाव माणदेशातलं. विहिरी कोरड्या, शेतात धुरळा, कडब्याची पेंढी सोन्याच्या मोलाची. माझी आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथे मिळालेली सुकडी आम्ही पोरं वाटून खायचो.

आमच्याकडे मोत्या आणि हरण्या ही खिल्लारी जोडी होती. आबा, म्हणजे माझे आजोबा, आधी स्वतः उपाशी राहतील पण बैलांना उपाशी ठेवणार नाहीत, असे. पण घरातला कडबा संपला. एके दिवशी आबा म्हणाले, “डोळ्यादेखत मरण्यापरीस कुणाच्या तरी दावणीला जगत्याल.” आणि आम्ही दोघं बैल घेऊन तालुक्याच्या बाजाराला निघालो.

बाजारात विकणारे ढीगभर आणि घेणारे चार. दलालानं आबांच्या हातावर रुमाल टाकला. आबांचा चेहरा उतरला. मग म्हणाला, “आबा, सोडा की आता. सांज झाल्यावर ह्यो भावबी मिळायचा न्हाई.” आबांनी मान हलवली. जोडी तीनशेला गेली. आदल्या साली तिला हजारच्या घरात मागणी होती!

परत निघताना आम्ही चहाच्या पालाजवळ थांबलो. तिथे ती जोडी घेणारा माणूस कुणाला तरी सांगत होता, “साडेतीनशेला पडली.”

मी आबांकडे बघितलं. साडेतीनशे? मग वरचे पन्नास गेले कुठे? ते रुमालाखालीच राहिले होते! दलालाची दलाली आबांनी वेगळी मोजली होती. पन्नास रुपये म्हणजे आईची पंधरा-वीस दिवसांची खडी. आबा दलालाला शोधायला गेले, पण तोवर तो दिसेनासा झाला होता. आणि सापडला असता तरी काय? तोंडानं कुणी काही बोललंच नव्हतं. साक्षीला कोण येणार?

आबांनी बैल दिले, पण दावी दिली नाहीत. आमच्याकडे विकलेल्या जनावराचं दावं घरी परत आणतात. ती दोन्ही दावी त्यांनी गोठ्यातल्या खुंटीला अडकवली.

कडबा महाग, बैल स्वस्त

तेव्हा मला कळलं नाही, पण पुढे शिकल्यावर लक्षात आलं. दुष्काळात धान्य महागतं, कडबा महागतं, पाणी महागतं. मग जनावरंच तेवढी स्वस्त का होतात?

कारण सोपं आहे. चारा नसला की सगळेच एकाच वेळी विकायला येतात, आणि चारा नाही म्हणून घेणारं कुणी नसतं. पाऊस पडला की उलटं. पेरणी तोंडावर आलेली, बैल सगळ्यांनाच हवा, आणि विकणारा कुणी नाही. म्हणजे शेतकरी स्वस्तात विकतो आणि महागात घेतो!

एक गणित करू या. समजा, डिसेंबरच्या सुरुवातीला एकानं जोडी ४०,००० रुपयांना विकली. जूनच्या मध्यात तशीच जोडी घ्यायला ८०,००० लागले. तोटा किती? ४०,०००. आता समजा, त्यानं जोडी विकलीच नाही. मधले दिवस साधारण २००. दोन बैलांना रोज २०० रुपयांचा विकतचा चारा घातला, तर खर्च ४०,०००. म्हणजे बरोबरीच झाली की! शिवाय हातची, ओळखीची जोडी टिकली. पण मेख इथेच आहे. रोजचे २०० रुपये आणायचे कुठून? ज्याच्या गाठीला पैसा आहे तो थांबतो, ज्याच्याकडे नाही त्याला विकावंच लागतं.

म्हणूनच दुष्काळात चारा छावण्या काढतात. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत महाराष्ट्रात अशा छावण्यांत लाखो जनावरं जगली. छावणीनं जनावर तर वाचतंच, पण त्याच्या मालकाला पडत्या भावात विकण्याची पाळी येत नाही.

भाव मोठ्यानं बोला!

आता एक बैलबाजार आणि एक कांदाबाजार शेजारी ठेवून बघा. नाशिक जिल्ह्यात लासलगावला कांद्याचा लिलाव होतो. ट्रॅक्टर-ट्रॉली उभी राहते, व्यापारी भोवती जमतात आणि बोली मोठ्या आवाजात चढत जाते. शेवटचा भाव शेतकऱ्याच्या कानावर पडतो, शेजारच्याच्याही पडतो. तिथे रुमालाला काम नाही.

असे नियमाचे बाजार आपल्याकडे जुने आहेत. वऱ्हाडात कारंजा इथे कापसाचा नियंत्रित बाजार १८८६ साली सुरू झाला. १९२८ साली शेतीविषयक शाही आयोगानंही असे बाजार वाढवावेत असं सुचवलं. महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा १९६३ सालचा. खरं वजन, उघड भाव आणि हातात पावती, ही या सगळ्यामागची मुख्य कल्पना.

मग बैलांचाही लिलाव का नाही करत? कारण एका ढिगातले कांदे बरेचसे सारखे असतात, पण दोन बैल सारखे नसतात. घेणाऱ्याला प्रत्येकाचे दात, चाल, स्वभाव बघायचा असतो. त्यामुळे घासाघीस राहणारच. पण घासाघीस तोंडानंही करता येते! बाजार समितीच्या आवारात सौदापावती करून घेता येते, तिच्यावर ठरलेली किंमत असते. शिवाय जनावराच्या कानाला बारा आकडी बिल्ला असतो. २०२४ पासून महाराष्ट्रात बिल्ल्याशिवाय गुरांची खरेदी-विक्री करता येत नाही. त्या आकड्यामुळे जनावर कुणाचं, त्याला लस कधी टोचली, हे कळतं.

भाव कशानं हलतो?

फक्त पावसानंच नाही. बकरी ईद जवळ आली की बोकडांचा भाव चढतो. ही ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकते, म्हणून तेजीचा महिनाही सरकत जातो. दुभत्या म्हशीचा भाव तिच्या दुधावर आणि वेतावर ठरतो. शहाणं गिऱ्हाईक दोन्ही वेळची धार काढून बघितल्याशिवाय पैसे मोजत नाही. गाभण गाईला भाव, भाकड गाईला नाही.

रोग आला तर बाजारच बंद पडतो. २०२२ साली गाई-बैलांमध्ये लम्पी त्वचारोग पसरला, तेव्हा महाराष्ट्रातले गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले. बैलगाडा शर्यतींचंही तसंच. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं त्या थांबवल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांना पुन्हा परवानगी मिळाली. पळणाऱ्या खिल्लार खोंडांना लगेच मागणी आली.

पण सगळ्यात मोठा बदल केला तो ट्रॅक्टरनं. सरकार ठरावीक वर्षांनी पशुगणना करतं, म्हणजे जनावरांची शिरगणती. २०१२ साली देशात गोवंशातले नर सुमारे ६ कोटी ७९ लाख होते. २०१९ साली ते सुमारे ४ कोटी ७४ लाख राहिले. सात वर्षांत दोन कोटींहून अधिक घट! याच काळात गाई मात्र सव्वादोन कोटींनी वाढल्या. गाय दूध देते. बैलाचं काम यंत्र करतं. एकेकाळी बैलांनी फुललेल्या बाजारात म्हणूनच आता दुभत्या गाई-म्हशी आणि शेळ्या जास्त दिसतात.

खुंटीवरचं दावं

१९७३ साली पाऊस चांगला झाला. पेरणीला बैल हवे होते, पण भाव कडाडले होते. आबांजवळ एकाच बैलाचे पैसे होते. पुन्हा तोच बाजार, पुन्हा एक दलाल, पुन्हा खांद्यावरचा रुमाल. आबांनी हात मागे घेतला.

“रुमाल राहू द्या. भाव तोंडानं बोला,” आबा म्हणाले.

दलाल हसला. दोघं-चौघं बघायला जमले. आबा थेट बैलाच्या मालकाकडे वळले, “पावणं, तुमचा आकडा तुम्ही सांगा, माझा मी सांगतो.” तो शेतकरी क्षणभर गप्प राहिला. मग त्यानं मोठ्यानं आकडा सांगितला. आबांनी आपला सांगितला. दहा मिनिटांत सौदा झाला. पैसे सगळ्यांसमोर मोजले. दलालालाही त्याची दलाली मिळाली, ती पण सगळ्यांसमोर!

घरी आल्यावर आबांनी खुंटीवरचं मोत्याचं दावं काढलं आणि नव्या बैलाला बांधलं. दुसरा बैल शेजारच्या तात्यांचा घेतला. त्यांच्याकडेही एकच उरला होता. सावडीनं आधी त्यांचं रान पेरलं, मग आमचं. हरण्याचं दावं मात्र आणखी दोन वर्षं खुंटीलाच होतं.

तुम्हीही करून पाहा

तुमच्या गावाजवळ गुरांचा बाजार भरत असेल, तर घरातल्या मोठ्यांबरोबर एकदा जाऊन या. नसेल, तर भाजीबाजार चालेल. सलग चार आठवडे एकाच वस्तूचा भाव वहीत लिहून ठेवा. शेजारी लिहा : पाऊस पडला का? सण होता का? आवक जास्त होती का? चौथ्या आठवड्यात वही उघडून भाव का चढला, का उतरला, ते आई-बाबांना समजावून सांगा. आणि घरात कुणी काही विकत किंवा घेत असेल, तर एक प्रश्न जरूर विचारा, “पावती घेतलीत ना?”