पानिपतानंतर घडी बसवणारी अहिल्याबाई

काशीत दशाश्वमेध घाटापासून काही पावलांवर अहिल्याबाई घाट आहे. काशी मराठ्यांच्या राज्यात कधीच नव्हती. आधी ती अयोध्येच्या नवाबाकडे होती आणि १७७५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेली. मग माळव्यात राज्य करणाऱ्या होळकरांच्या सुनेने परमुलखात हा दगडी घाट कसा उभारला? त्याचे उत्तर काशीत नव्हे, तर महेश्वरच्या कारभारात सापडते.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांची एक पिढी कापली गेली. होळकरांच्या घरावरही एकामागून एक आघात झाले. अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ मध्येच कुंभेरीच्या वेढ्यात मारले गेले होते. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले, तर १७६७ मध्ये एकुलता एक मुलगा मालेराव. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तकाचा घाट घातला आणि राघोबादादा फौजेनिशी माळव्याकडे निघाले. अहिल्याबाई डगमगल्या नाहीत. त्यांनी पेशवे माधवरावांकडे दाद मागितली आणि पेशव्यांनी त्यांची बाजू उचलून धरली.

सत्ता हाती येताच त्यांनी कामाची वाटणी केली. फौज तुकोजी होळकरांकडे, मुलकी कारभार स्वतःकडे. रयतेची गाऱ्हाणी त्या दरबारात बसून स्वतः ऐकत. चांगल्या कमाविसदाराला वर्षानुवर्षे एकाच जागी ठेवत, त्यामुळे रयत ओरबाडून पळ काढण्याची वृत्ती राहिली नाही. डोंगरातल्या भिल्लांचा ‘भिलकवडी’ हा वाटसरूंच्या मालावरचा जुना हक्क त्यांनी मान्य केला. त्या बदल्यात भिल्लांनी जमीन कसायची आणि वाटा सुरक्षित राखायच्या, असे ठरले. सावकारांच्या विधवांची संपत्ती सरकारजमा करण्याचा मोह त्यांनी टाळला. महेश्वरात विणकरांना आश्रय मिळाला. महेश्वरी साडी आजही आपल्या घराघरांत आहे.

होळकरांच्या उत्पन्नाचे दोन भाग होते. ‘दौलत’ म्हणजे राज्याचा पैसा, तर ‘खासगी’ म्हणजे १७३४ मध्ये गौतमाबाईंच्या नावे मिळालेल्या जहागिरीचे उत्पन्न. अहिल्याबाईंचा दानधर्म चालला तो खासगीतून. काशीचा घाट, सोमनाथचे मंदिर, गयेचे विष्णुपद मंदिर अशी कामे त्यातूनच उभी राहिली.

त्यातले सर्वांत नाजूक काम काशी विश्वेश्वराचे. औरंगजेबाच्या हुकमाने १६६९ मध्ये देऊळ पाडले गेले आणि तिथे मशीद उभी राहिली. त्यानंतर १११ वर्षांनी, १७८० मध्ये, अहिल्याबाईंनी नवे मंदिर बांधले ते शेजारच्या जागेवर. मशीद जागच्या जागी राहिली आणि भाविकांना हरवलेला देव परत मिळाला. तलवारीचा जोर जिथे नव्हता, तिथे सबुरीने काम साधले.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी अहिल्याबाई गेल्या. १७९७ मध्ये तुकोजीही गेले आणि वारसाहक्काच्या भांडणात होळकरशाही होरपळली. १८१८ मध्ये मंदसोरच्या तहाने तिचे स्वातंत्र्यही संपले. अठ्ठावीस वर्षांत बसलेली घडी एका कर्तबगार बाईच्या हातावर उभी होती. तो हात गेला आणि ती विस्कटली. पुढे माळव्यात आलेल्या जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने जुन्या माणसांकडून त्या कारभाराच्या आठवणी गोळा केल्या आणि १८२३ च्या आपल्या ग्रंथात त्याची मनापासून वाखाणणी केली. ज्यांनी राज्य घेतले, त्यांनीच ही पावती दिली!