मैफल रेकॉर्ड करताय? आधी केबल बघा!

मित्रांनो, मैफलीला रिटेक नसतो. घरघर आली तर पेमेंटही जातं आणि पुढची ऑर्डरही.

मिक्सरपासून रेकॉर्डरपर्यंत बॅलन्स्ड एक्सएलआर केबलच घ्या. तिच्यात सिग्नलच्या दोन तारा असतात, एक सुलट, एक उलट. वाटेत शिरलेली घरघर दोन्हींवर सारखीच येते आणि रेकॉर्डरच्या इनपुटला वजा होते. आरसीए केबलला ही सोय नाही, म्हणून ती दोन-तीन मीटरच्या आतच ठेवा.

रेकॉर्डरचं इनपुट ‘माइक’वर नको, ‘लाइन’वर ठेवा. नाहीतर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर धड होत नाही. ४८ व्होल्टची फँटम पॉवर बंद करा. विजेच्या वायरीशेजारून केबल नेऊ नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

आणि हो, एक जादा केबल बॅगेत असू द्याच!