धुऱ्यावरच्या झाडाचा हिशेब

मिशिगनमधल्या नोव्हायच्या आमच्या घरात वीज येते ती डीटीई कंपनीची. मिशिगनच्याच उत्तर भागात पिजन रिव्हर कंट्री हे सरकारी जंगल आहे. तिथल्या 1 लाख एकरांहून जास्त जमिनीवरचे पहिल्या दहा वर्षांचे कार्बन क्रेडिट याच कंपनीने विकत घ्यायचे ठरवले. हे ऐकल्यापासून वरूडला संत्र्याची बाग करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाचा एकच प्रश्न: "ताई, जंगलाला पैसे, मग आपल्या धुऱ्यावरच्या झाडांना का नाही?"

मिळतील, पण आजोबांच्या कडुनिंबाला नाही. तो कोणी पैसे न देताही उभाच आहे. शेतात मोल असतं ते योजनेमुळे नव्याने लागलेल्या झाडांच्या वाढीला. एक क्रेडिट म्हणजे झाडांनी शोषून धरलेला 1 टन कार्बन डायऑक्साइड. वाळलेल्या लाकडात साधारण निम्मा कार्बन, आणि 1 किलो कार्बनमागे 3.67 किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे एका क्रेडिटला सुमारे साडेपाचशे किलो कोरडं लाकूड हवं, मुळं धरून. "मग संत्र्याच्या झाडात एवढं लाकूड कुठलं!" भाऊ म्हणाला. खरंय. म्हणूनच धुऱ्यावर साग, बांबू असं काही उंच लावायचं.

क्रेडिटच्या दराचा भरवसा मात्र धरू नये. शिकागो क्लायमेट एक्स्चेंजवर शेतीचे आणि झाडांचेही क्रेडिट विकले जात. 2008 मध्ये टनाला 7 डॉलरच्या वर गेलेला दर 2010 मध्ये काही सेंटांवर आला आणि बाजारच गुंडाळला गेला. नेदरलँड्सच्या राबोबँकेने अकॉर्न योजना आखली ती छोट्या शेतकऱ्यांसाठी: झाडांची वाढ उपग्रहाच्या मदतीने मोजायची आणि विक्रीचे 80 टक्के शेतकऱ्याला द्यायचे. मला हे पटतं, कारण एकेका शेतात टेप घेऊन माणूस पाठवला तर दोन एकरवाल्याच्या हाती उरणार काय? तरी लाकूड, चारा आणि फळ हीच कमाई धरावी, क्रेडिट वरकड.

गावात अशा योजनेचा एजंट येऊन गेलाय. त्याला विचारायला मी भावाला प्रश्न पाठवले: करार किती वर्षांचा? मोजणीचा खर्च कोणाच्या हिश्श्यातून? वादळात झाड पडलं तर? साग तोडायचा ठरला तर? भावाने त्यात एक घातला: सह्या कोणाकोणाच्या? सातबाऱ्यावर माझंही नाव आहे.