खाशाबांचे स्मारक आणि वेंगुर्ल्याचे महाविद्यालय

महाविद्यालयात असतानाच नाव मिळवलेल्या खेळाडूचे स्मारक शिक्षणसंस्थेच्या आवारातच उभारण्याची प्रथा अमेरिकी विद्यापीठांत चांगली रुजलेली असून, तेथे क्रीडागृहाला खेळाडूचे नाव आणि दाराशी त्याचा ब्राँझचा पुतळा हे दृश्य नवे नाही. महाराष्ट्रात या प्रथेच्या सर्वांत जवळ जाणारे नाव म्हणजे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी, मल्ल खाशाबा जाधव यांचे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातील क्रीडा संकुल त्यांच्या नावाने ओळखले जाते, तसेच २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांतील कुस्त्या दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील ज्या क्रीडागृहात झाल्या, त्यालाही त्यांचेच नाव आहे. या कथेचा एक धागा सिंधुदुर्गातही पोहोचतो, कारण वेंगुर्ल्याच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव दिलेले आहे ते बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर हेच खाशाबांचे प्राचार्य होत.

कराडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेले खाशाबा मातीतले मल्ल होते. तालमीतील कुस्तीची जागा, म्हणजे हौदा, तांबड्या मातीने भरलेला असतो. ती माती चाळून, तेल, ताक, हळद आणि लिंबाचा रस घालून मऊ केली जाते, अनवाणी पाय तिच्यात रुततात, घामेजलेल्या अंगाला ती फासली की पकड घट्ट बसते, आणि प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लावून त्याला चीत केल्याखेरीज कुस्ती निकाली मानली जात नाही. ऑलिम्पिकमधील कुस्ती मात्र गादीवर, म्हणजेच मॅटवर, बूट घालून ठरावीक मिनिटांत खेळली जाते, आणि कोणीच चीत न झाल्यास खाशाबांच्या काळी पंच कौल देत. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये खाशाबा फ्लायवेट या सर्वांत हलक्या वजनगटात सहावे आले, ते या अनोळखी गादीशी जुळवून घेत; मातीवर वाढलेल्या मल्लासाठी ही कामगिरी लहान नव्हती.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जाण्यासाठी पैशांची जुळवाजुळव होईना, तेव्हा खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. बँटमवेट, म्हणजे ५७ किलोच्या गटात, खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले, पुढे सुवर्णपदक जिंकणाऱ्या जपानच्या शोहाची इशीकडून ते पराभूत झाले, आणि त्यांच्या वाट्याला आलेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक ठरले. तसे दुसरे पदक १९९६ मध्ये लिअँडर पेस याने आणले. मध्ये ४४ वर्षे गेली. गावी परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवून त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे घर सोडवून दिले. गुरूने शिष्यासाठी घर पणाला लावावे आणि शिष्याने ते आपल्या अंगमेहनतीवर परत मिळवून द्यावे, याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणत्याही शिक्षणसंस्थेला मिळणे कठीण.

खाशाबा पुढे पोलीस खात्यात गेले आणि १९८४ मध्ये रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. त्यांचा जन्मदिवस आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो, ही गोष्ट समाधानाची असली तरी फार उशिरा घडलेली आहे.

स्मारक पुतळ्याचे असावे की मैदानाचे, या प्रश्नाला कोल्हापूरने खाशाबांच्या आधीच उत्तर दिलेले होते. छत्रपती शाहू महाराजांनी रोमचे प्राचीन प्रेक्षागार पाहिल्यानंतर खासबाग मैदान बांधून घेतले, ते १९१२ मध्ये पूर्ण झाले. त्याची रचना वाडग्यासारखी खोलगट असल्याने शेवटच्या रांगेतील माणसालाही मल्लांचे पाय दिसतात, आणि तेथे आजही कुस्त्या होतात. शिवाय वेंगुर्ल्यासारख्या किनाऱ्यावरच्या गावी पुतळ्याची देखभाल अधिकच अवघड, कारण खाऱ्या हवेत लोखंडी सांगाड्याला व नटबोल्टांना लवकर गंज चढतो. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, तो घाव सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मनात ताजा आहे. म्हणून वेंगुर्ल्यात या गुरुशिष्यांची एकत्र आठवण जपायची झाल्यास, १२ मीटर लांबी-रुंदीची मॅट बसेल एवढी पावसापासून सुरक्षित जागा, एक जाणकार वस्ताद आणि दारावर दोघांची नावे, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.