दगड पिवळा की हिरवा? आपल्या दारातल्या रस्त्याची ओळख

 

गटांच्या मासिक बैठकांना आम्ही जातो तेव्हा हप्त्यांचा हिशोब झाला की दुसरा विषय हमखास रस्त्याचा निघतो. कुठे फाट्यावर गाड्या थांबत नाहीत, कुठे पावसात मोरी वाहून गेलेली, कुठे वाडीला रस्ताच नाही. आणि बोलणं शेवटी एकाच वाक्यावर येऊन थांबतं : "अर्ज दिला होता, पण साहेब म्हणाले हा रस्ता आमच्याकडे येत नाही." साहेब खोटं बोलत असतीलच असं नाही. रस्त्यालाही मालक असतो, आणि मालक सापडला नाही तर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरतच राहतो. म्हणून आज आपल्या भागातले रस्ते कुणाचे, हे समजून घेऊ.

आपल्याकडे रस्ते कमी आहेत असं कुणी म्हणू नये. आपलं चौक तर रस्त्याच्या काठीच वाढलं. मुंबईहून होडीने पनवेलला उतरायचं आणि तिथून चौक, खोपोली करत बोरघाट चढून पुण्याला जायचं, ही जुनी वाट. गाडी चढेल असा घाटरस्ता 1830 मध्ये खुला झाला. पुढे 1850 च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर मॅलेट आपल्या चौकात मुक्कामाला होता. इथूनच तो माथेरानच्या डोंगरावर चढला, आणि त्या चढाईनंतर माथेरान साहेबलोकांना माहीत झालं. ठाकर आणि धनगर बाया त्याच्या कितीतरी आधीपासून त्या वाटांनी चढत-उतरत होत्या, ते मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

आता चौकातून जुना मुंबई-पुणे महामार्ग जातो. इथूनच कर्जतला जाणारा राज्यमार्ग फुटतो. कर्जतहून नेरळ, बदलापूरमार्गे कल्याणला दुसरा राज्यमार्ग जातो. मुरबाडहून कर्जत, खोपोली, पाली करत वाकणला जाणारा रस्ता आधी राज्याचा होता, आता तो 548-अ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. या सगळ्यांवर कडी म्हणजे द्रुतगती मार्ग. तो 2002 मध्ये पूर्ण झाला. खालापूर तालुक्याच्या मधोमध जातो, टोलनाकाही खालापूरचाच, पण त्यावर पायी चालायला बंदी, दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी. म्हणजे आपल्या गावावरून जाणारा, पण आपण पाऊल ठेवू शकत नाही असा रस्ता.

आता ओळखायचं कसं ते बघू. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचा दगड असतो. त्याच्या डोक्याचा रंग बघा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग. हिरवा असेल तर राज्यमार्ग. काळा, कुठे कुठे निळा, असेल तर जिल्हा मार्ग. केशरी असेल तर गावाचा रस्ता, बहुतेक वेळा प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला. लिहितावाचता न येणारी आजीसुद्धा रंगावरून सांगू शकते.

राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग हे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्राममार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. गावातल्या आळीतला, देवळापासून शाळेपर्यंतचा रस्ता ग्रामपंचायतीचा. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे, पण तिथे एक गाठ आहे, कारण सांभाळणारी कचेरी दरवेळी केंद्राचीच असते असं नाही. आपला जुना मुंबई-पुणे रस्ताच घ्या. तो राष्ट्रीय महामार्ग, आधीचा 4 नंबर, आता 48. पण आपल्या भागात त्याची देखभाल महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आहे, द्रुतगती मार्गासारखीच. दगड पिवळा, कचेरी राज्याची! शिवाय मुरबाड-कर्जत रस्त्यासारखा दर्जा बदलला तरी जुना हिरवा दगड तसाच उभा असू शकतो. म्हणून दगड बघायचा, पण एवढ्यावर न थांबता लेखी विचारायचं.

लेखी विचारण्याचा सोपा मार्ग माहितीच्या अधिकाराचा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही लागत नाही. अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवायचा. चार गोष्टी विचारा : हा रस्ता कोणत्या दर्जाचा, देखभाल कोणत्या कचेरीकडे, शेवटचं काम कधी आणि किती रुपयांचं झालं, आणि ठेकेदाराची दुरुस्तीची जबाबदारी कोणत्या तारखेपर्यंत आहे. अर्ज दुसऱ्याच कचेरीत गेला तरी घाबरू नका. कायद्याच्या कलम 6(3) प्रमाणे त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य कचेरीकडे पाठवायचा असतो. "आमच्याकडे येत नाही" हे उत्तर इथे चालत नाही. उत्तर तीस दिवसांत मिळायला हवं.

यातला चौथा प्रश्न आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ग्रामसडक योजनेच्या रस्त्याची पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराच्याच करारात असते. रस्त्याच्या तोंडाशी फलक असतो, त्यावर काम पूर्ण झाल्याची तारीख असते. फलकाचा मोबाइलवर फोटो काढून गटाच्या फाइलीत ठेवा. दुसऱ्याच पावसात खडी वर आली तर नवीन निधीची वाट बघायची गरज नाही, त्याच ठेकेदाराकडून काम करून घ्यायचं असतं.

आता फाट्यावर बसणाऱ्या मैत्रिणींसाठी. करवंदं, जांभळं, पावसाळ्यात टाकळा, कुरडू, शेवळं घेऊन आपल्यातल्या कितीजणी पहाटेच रस्त्याला येतात. गिऱ्हाईक रस्त्यावर आहे, त्यामुळे तिथे बसू नका असं सांगणं सोपं आणि बिनकामाचं. पण वळणावर आणि उतारावर बसू नका. गाडी थांबायला जिथे कडेला मोकळी जागा आहे तिथेच पाटी मांडा, म्हणजे गिऱ्हाइकाची गाडी रस्त्यात उभी राहणार नाही. पहाटे अंधारात चालताना गाड्या समोरून येताना दिसतील अशा बाजूने चाला आणि फिकट रंगाचं काहीतरी अंगावर असू द्या.

ओलांडायच्या जागी गतिरोधक मागण्याची आपल्याला सवय आहे. राष्ट्रीय महामार्गावर उंच गतिरोधक सहसा मंजूर होत नाही. भरधाव गाडीचाच त्यावर अपघात होतो. म्हणून अर्जात दुसरं मागा : गाडी थडथडेल अशा पांढऱ्या जाड पट्ट्या, झेब्रा पट्टे, दिवा, आणि एसटीचा थांबा रस्त्यापासून आत सरकवलेला. शाळेजवळ आणि वस्तीजवळ याची मागणी जोरात करता येते.

अपघात झालाच तर 108 ला फोन करताना "चौकाच्या पुढे, वडाजवळ" असं सांगून रुग्णवाहिका सापडत नाही. जवळच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा सांगा आणि गाडी कोणत्या गावाकडे तोंड करून आहे ते सांगा. पोलिसांसाठी 112, राष्ट्रीय महामार्गासाठी 1033. जखमीला उचललं तर पोलीस मागे लागतील ही भीती आता सोडा. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये कलम 134-अ आलं. मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही.

रस्ता रुंद होतो तेव्हा जमीन जाते. मोबदला कागदावर ज्याचं नाव त्याला. सातबाऱ्यावर नवऱ्याचं नाव, तो वारलेला, आणि वारसनोंद केलेलीच नाही, अशा कितीतरी घरात पैसे अडकतात, नाहीतर दीर-पुतण्यांच्या नावावर जातात. मोजणीचे खुंट ठोकले गेल्यावर धावपळ करण्यापेक्षा वारसनोंद आजच तलाठ्याकडे करून घ्या. मुलींचाही त्यात हिस्सा असतो.

हे झालं रस्त्याच्या कडेला राहणाऱ्यांचं. आता वरच्या वाड्यांकडे वळू. खरं तर आजचा विषय आम्ही त्यांच्यासाठीच घेतला.

महामार्गावर उभं राहून मान वर केली की इरशाळगड दिसतो. त्याच्या पोटाशी इरशाळवाडी होती. ठाकर लोकांची, सव्वादोनशेच्या आसपास माणसांची वस्ती. 19 जुलै 2023 च्या रात्री डोंगराची दरड तिच्यावर आली. सत्तावीस जणांचे मृतदेह मिळाले, सत्तावन्न जण सापडलेच नाहीत. 23 जुलैला शोध थांबवला. खाली एवढे महामार्ग, जेसीबी, रुग्णवाहिका, सगळं पायथ्याला उभं होतं. वर न्यायला वाट होती ती पायवाट. माती फावड्यांनी, हातांनी उपसली गेली. नवी मुंबईच्या अग्निशमन दलाचे एक अधिकारी तो चढ चढतानाच गेले.

रस्ता असता तर दरड आली नसती असं आम्ही म्हणणार नाही. दरड आली असतीच. पण रस्ता नसण्याची किंमत एकाच रात्री मोजायची नसते. बाळंतपणाला झोळी करून आणलेली बाई, साप चावलेलं पोर, रेशनचं पोतं डोक्यावर घेऊन चढणारी म्हातारी, ही ती रोजची किंमत. 17 मार्च 2023 पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट आहे. पण एसटी फाट्यापर्यंत येते, तिथून पुढे दोन तासांच्या पायपिटीला सवलत नाही. आमच्याच डोंगरांचं मोरबे धरणातलं पाणी मात्र पाइपातून थेट नवी मुंबईला पोचतं.

मग वाडीला रस्ता का मिळत नाही? एक कारण मोजणीचं. ग्रामसडक योजनेत साधारण पाचशे लोकवस्ती लागते. डोंगरी राज्यं आणि अनुसूचित आदिवासी क्षेत्र यांना ही अट अडीचशेची आहे. पण रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. म्हणजे डोंगर आहे, आदिवासी आहेत, तरी मोजणी सपाटीवरच्या गावासारखी. अशी दोनशे माणसांची वाडी यादीत बसणार कशी? दोन वाटा मात्र आहेत. कातकरी समाजासाठी 2023 च्या पीएम-जनमन योजनेत शंभर लोकवस्तीलाही रस्ता धरला आहे. ठाकरवाड्या त्यात येत नाहीत. पण राज्याची भगवान बिरसा मुंडा जोडरस्ते योजना सगळ्याच आदिवासी वाड्यापाड्यांना बारमाही रस्त्याने जोडण्यासाठी आहे. आपल्या वाडीचं नाव त्या यादीत आहे का, हे पंचायत समितीत आणि बांधकाम विभागात विचारा.

दुसरं कारण, "मधे जंगल खात्याची जमीन आहे." हे ऐकलं की बहुतेक जणी परत फिरतात. फिरू नका. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) मध्ये तेरा सोयींसाठी वनजमीन देण्याची तरतूद आहे. त्यात शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पाण्याची लाइन आहे आणि रस्ताही आहे. अटी अशा : काम सरकारी हवं, जमीन एक हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी पंच्याहत्तरपेक्षा जास्त झाडं तुटू नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. आता हिशोब करा. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. पाच मीटर रुंदीचा रस्ता धरला तर जवळजवळ दोन किलोमीटर यात बसतात. आपल्या किती वाड्या यापेक्षा लांब आहेत? प्रस्ताव वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडून उपवनसंरक्षकांकडे जातो.

वाट खासगी शेतातून असेल आणि कुणी बांध घालून अडवली असेल तर तो वेगळा विषय. तिथे मामलतदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत.

रस्ता मागताना एक गोष्ट विसरू नका. डोंगराच्या पायाची माती कापून, पाण्याला वाट न ठेवता केलेला रस्ता डोंगर सैल करतो. पाणी मुरतं आणि वरचा भाग खाली येतो. म्हणून ठरावात नुसता "रस्ता" लिहू नका. आतल्या बाजूने गटार, प्रत्येक ओहोळावर मोरी, कापलेल्या बाजूला संरक्षक भिंत, असं लिहा. ओहोळ कुठून येतो, कोणत्या जागी दरवर्षी माती सरकते, हे वाडीतल्या बायांना अभियंत्यापेक्षा जास्त माहीत असतं. पाहणीला येतील तेव्हा दोघीतिघींनी बरोबर चालायचं.

वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला लागतात. म्हणजे आपण गेलो नाही तर ठराव कच्चा राहतो. एरवीच्या ग्रामसभेआधीही महिला सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथे रस्त्याचा विषय आधी मांडा, सह्या-अंगठे घ्या, मग मोठ्या सभेत एकीने उठून बोला. आणि ठराव मंजूर झाला की टाळ्या वाजवून घरी जाऊ नका. ग्रामसेवकांकडून ठराव क्रमांक आणि तारखेसह नक्कल मागून घ्या, शिक्का बघून घ्या. एक प्रत गटाच्या पेटीत, पासबुकांशेजारी, ठेवा.