किरण : तो आणि ती

मराठीत नाव कानावर पडले की मुलगा की मुलगी हे बहुधा लगेच कळते. अकारान्त नावे मुलांची, आकारान्त व ईकारान्त मुलींची, असा ढोबळ नियम आपल्या अंगवळणी पडला आहे. तो न मानणाऱ्या थोड्या नावांत ‘किरण’ हे अगदी परिचयाचे. ते माझेही नाव असल्याने त्याचे कूळ शोधावेसे वाटले.

शब्द संस्कृत. ‘कॄ’ म्हणजे विखुरणे, उधळणे या धातूपासून तो झाला. विकीर्ण, प्रकीर्ण, संकीर्ण ही त्याचीच भावंडे. गंमत अशी, की ऋग्वेदात ‘किरण’ म्हणजे बारीक धूळ असाही अर्थ आहे. जे उधळले जाते ते किरण. मग ती घोड्याच्या टापांची धूळ असो वा सूर्याचा प्रकाश! अमरकोशात तो मयूख, अंशू, गभस्ती, रश्मी यांच्या पंक्तीला बसला आहे.

मयूख आणि रश्मी हे दोन्ही शब्द संस्कृतात पुल्लिंगी. तरी आपल्याकडे मयूख मुलगा झाला आणि रश्मी मुलगी. शेवटच्या ‘ई’काराचा हा प्रताप! किरण मात्र दोघांचे राहिले. याचे मूळ भाषेतच असावे. मराठीत आपण ‘सूर्याचे किरण’ म्हणतो, तसेच ‘सूर्याची किरणे’ही म्हणतो, हिंदीत तर हा शब्द स्त्रीलिंगी आहे.

या नावाची माणसे पाहा. १९७४ साली ‘सात सक्कं त्रेचाळीस’ ही कादंबरी देणारे किरण नगरकर, भारताचे यष्टिरक्षक किरण मोरे. तर दुसरीकडे १९७२ साली भारतीय पोलीस सेवेत दाखल झालेल्या पहिल्या महिला अधिकारी किरण बेदी, १९७८ साली ‘बायोकॉन’ स्थापणाऱ्या किरण मजुमदार-शॉ आणि २००६ चे बुकर पारितोषिक मिळवणाऱ्या किरण देसाई. साहित्य, क्रीडा, प्रशासन, उद्योग, सर्वत्र हे नाव पोहोचले आहे.

अर्थात मराठीत गुपित फार काळ टिकत नाही. ‘किरण आला’ की ‘किरण आली’, क्रियापद लगेच सांगून टाकते. कागदावर मात्र घोटाळा होतो. एका शिबिराच्या यादीत माझी सोय मुलांच्या खोलीत लावली होती! संयोजकांनी दहादा क्षमा मागितली. मैत्रिणी आठवडाभर हसत होत्या.

पण मला हे नाव बदलावेसे कधी वाटले नाही. मुलगा होवो वा मुलगी, नाव किरणच, असे आजोबांनी माझ्या जन्माआधीच ठरवले होते. ज्या समाजात ‘मुलगी झाली’ हे वाक्य अजूनही काही घरांत हलक्या आवाजात उच्चारले जाते, तिथे या ठरवण्याचे मोल मला मोठे वाटते. माझे स्वागत कसे करायचे, हे मी कोण म्हणून येते यावर अवलंबून नव्हते. सूर्याचा किरण अंगणात येताना कुठे विचारतो, हे घर मुलाचे की मुलीचे?